ताजे पप्पा, शिळे पप्पा

मुलांनो, गोष्ट सुरू करण्याआधी एक काम करा. आपलं डावं मनगट समोर धरा. डोळे मिटायची गरज नाही, उघडे ठेवूनच कल्पना करा, की त्या मनगटावर एक पट्टी चिकटवली आहे. खरचटल्यावर लावतो तशीच, पातळ. तिच्यात मुगाच्या दाण्याएवढा एक दिवा आहे. तुम्ही ताजेतवाने असलात की तो हिरवा होतो. थोडे दमलात की पिवळा. आणि मेंदू "आता पुरे" म्हणायला लागला की लाल. लपवालपवी चालायची नाही. समजा गणिताचा तास आहे, तुम्ही फळ्याकडे टक लावून बसला आहात, शहाण्यासारखी मान हलवता आहात, आणि मनगटावर लालभडक दिवा! काय म्हणतील बाई?

हसलात ना? आता तीच पट्टी तुमच्या वडिलांच्या मनगटावर आहे अशी कल्पना करा. आणि ते जिथे काम करतात त्या कंपनीला तो दिवा लांबूनही दिसतो.

आपली गोष्ट तेव्हाची आहे. फार पुढची नाही. तुम्ही नोकरीला लागाल त्याच्या थोडी अलीकडची.

सांगलीच्या वखारभागात आर्जवी मगदूम नावाची मुलगी राहायची. पाचवीत होती, शाळा सकाळची. तिचे वडील भरतेश 'दारात' नावाच्या कंपनीत कामाला होते. सुईपासून सोफ्यापर्यंत काहीही मागवा, 'दारात'ची माणसं ते घरी आणून देत. भरतेश तिथे पूर्णवेळ होते. सकाळी डबा घेऊन जायचे आणि ऊन कलताना परत यायचे. कधी दमलेले, कधी गुणगुणत. मग सगळे मिळून जेवायला बसत, कारण मगदूमांच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायची रीत होती. पुष्कळ जैन घरांत ती असते. दिवे लागले की चूल बंद. त्यानंतर कितीही भूक लागो, ताट वाढलं जायचं नाही.

त्या जेवणाच्या वेळी भरतेश एक गोष्ट सांगायचे. गोष्ट एका म्हशीची होती. चंद्रावर माश्या नसतात असं तिच्या कानावर आलं होतं, म्हणून ती चंद्रावर निघाली होती. रोज संध्याकाळी थोडी थोडी वर चढायची. वाटेत ढग लागले, विमानं लागली. एकदा तर एक उपग्रह तिच्या शिंगात अडकला आणि सगळ्या सांगलीचे फोन बंद पडले. आर्जवीला हसता हसता ठसका लागायचा आणि तिची आई, त्रिशला, म्हणायची, "आधी घास गिळा दोघं. म्हैस कुठं पळत नाही."

मग ती पट्टी आली.

आता थोडं विज्ञान. परीक्षेला येणार नाही, निवांत ऐका.

आपल्या मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक पुंजका असतो. तांदळाच्या दाण्याएवढा. हे आपलं आतलं घड्याळ. डोळ्यांत उजेड शिरला की त्याला कळतं, दिवस उगवला. त्याच्या हुकुमाने आपलं अंग तापतं आणि निवतं. पहाटे अंग सगळ्यात थंड असतं, संध्याकाळी सगळ्यात ऊबदार. दुपारच्या जेवणानंतर वर्गात तुमचे डोळे पेंगतात आणि संध्याकाळी मैदानावर तुम्हाला कोणी आवरू शकत नाही, ते यामुळेच. तो सगळा आळस नसतो. (सगळा म्हणालो मी. थोडा असतोच.) शिवाय प्रत्येकाचं घड्याळ थोडं वेगळं चालतं. कोणी पहाटे टवटवीत, कोणी दुपारी.

पट्टी हे घड्याळ बाहेरून वाचायची. कातडीची ऊब, घामातली रसायनं आणि हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर, या तिन्हींवरून. हृदय अगदी एकसारखं टिकटिकतं असं तुम्हाला वाटत असेल, पण तसं नसतं. स्वस्थ माणसाचे ठोके किंचित मागेपुढे पडतात. माणूस थकला, ताणाखाली आला, की ते एकसुरी होऊ लागतात. हे सगळं जुळवून पट्टी दिव्याचा रंग ठरवायची.

शोध चांगला होता. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांसाठी आणि विमान चालवणाऱ्यांसाठी तो लावलेला. थकलेल्या हातून चूक होऊ नये म्हणून. पण चांगल्या वस्तूचा उपयोग शेवटी तिच्या मालकाच्या डोक्यात काय येतं त्यावर ठरतो.

'दारात'च्या सांगली शाखेच्या प्रमुख होत्या बेळंके मॅडम. वयाने लहान, बोलण्यात चटपटीत. त्यांनी सगळ्या माणसांना गोदामात बोलावलं आणि भिंतीवर आलेख दाखवले.

"आजपर्यंत आपण माणूस अख्खा घेत होतो," त्या म्हणाल्या. "त्यात निम्मे तास ताजे, निम्मे शिळे. मला सांगा, बाजारात कोणी निम्मी सुकलेली मेथी घेतं का?"

"घेतात की मॅडम," मागून कोणीतरी म्हणालं. "निवडून टाकायची असते."

"बरोबर! तेच करणार आहोत. आजपासून पूर्णवेळ कोणीच नाही. सगळे अर्धवेळ. जो तास हिरवा, तेवढाच कामाचा. बाकीचा वेळ तुमचा. मजा करा!"

कोणाला कधी बोलवायचं हे एक संगणक ठरवणार होता. कंपनीने त्याचं नाव ठेवलं होतं 'स्मार्ट नियोजक'. माणसांनी त्याच दुपारी ठेवलं, 'मुकादम'.

सुरुवातीला भरतेश खूश होते. "दुपारभर घरी!" ते त्रिशलाला म्हणाले. "सुट्टीच की गं."

पण अर्धवेळ माणसांनी अख्खं सामान पोचवायचं म्हणजे काय होतं, ते पहिल्याच आठवड्यात दिसलं. विश्रामबागेत एका घरी जेवणाचं टेबल चाललं होतं. दणकट, सागवानी, चार कोपऱ्यांना चार माणसं. निम्मा जिना चढल्यावर एकाचा दिवा लाल झाला. मुकादमाचा नियम कडक. लाल झालेल्याने सामानाला हात लावायचा नाही. त्याने आपला कोपरा सोडला. उरलेल्या तिघांवर भार आला, तसा दुसरा लाल. मग तिसरा. शेवटी जिन्यात एक टेबल, त्याखाली एकच हिरवा माणूस, आणि भोवती तीन लाल माणसं हात मागे बांधून उभी.

"अरे, धरा की जरा!" खालचा ओरडला.

"धरलं असतं रे," तिघं कळवळून म्हणाले, "पण आम्ही ड्यूटीवर नाही."

तेवढ्यात वरून एक आजी आल्या. खाली उतरायला वाट नाही म्हणून त्यांनी तिथेच टेबलावर बसून घेतलं आणि मुकादमाने नवे हिरवे लोक पाठवेपर्यंत सगळ्यांना शेंगा खायला घातल्या. खालच्यालाही. त्याला भरवाव्या लागल्या.

ही झाली बाहेरची गंमत. घरात गंमत कमी होती.

भरतेशचा दिवा सकाळी शाळेच्या वेळेला हिरवा व्हायचा आणि नंतर संध्याकाळी, ऊन कललं की. या दोन्ही वेळा कंपनीने उचलल्या. दुपारी ते घरी असत, पण पिवळे आणि लाल. आर्जवी शाळेतून यायची तेव्हा पप्पा कॉटवर आडवे. काही विचारलं तर "हं". दुसऱ्यांदा विचारलं तर "हं म्हटलं ना!" संध्याकाळी आई भाकऱ्या करायला बसली की फोन वाजायचा. भरतेश धडपडून उठायचे, तोंडावर पाणी मारायचे आणि स्कूटरवर बसायचे. परत येईपर्यंत दिवे लागलेले असत. जेवणाची वेळ टळलेली. मग ते पेलाभर पाणी पिऊन झोपायचे.

आणि म्हैस? म्हैस आभाळात लटकली होती. एका दुपारी आर्जवीने फारच गळ घातली म्हणून भरतेशनी गोष्ट सुरू केली. "तर म्हैस उडाली... उडाली... आणि तिला..." एवढं बोलून ते घोरायला लागले. तेव्हापासून म्हैस तिथेच. ना खाली, ना वर.

"आई," आर्जवी एका संध्याकाळी म्हणाली, "आपल्याकडं रात्रीची भाकरी सकाळी खात नाहीत ना?"

"नाही. शिळं चालत नाही आपल्यात. का गं?"

"मग शिळे पप्पा कसे चालतात?"

त्रिशलाचा हात परातीत थांबला. "काय बोलतीस हे?"

"खरंच की. ताजे पप्पा कंपनी खाते. आपल्याला उरलेले देते."

 ती भाकरी जरा जास्तच जोरात थापली गेली.

आर्जवीने ठरवलं, पप्पांना दुपारी हिरवं करायचं. मुलांनो, हा प्रयोग होता, आणि प्रयोग म्हटला की आधी फसणार. तिने पप्पांना कडक कॉफी दिली. दिवा हिरवा झाला खरा, पण पट्टी हुशार. खोटी टवटवी ओळखून ती 'टीं टीं' करत नारिंगी लुकलुकू लागली. मग तिने झोपलेल्या पप्पांच्या तळपायाला बर्फ लावला. दिवा क्षणभर हिरवा झाला आणि पप्पा कायमचे लाल झाले, रागाने. मग तिने त्यांना हिरव्या मिरचीचा ठेचा चाखायला लावला. घाम, अश्रू, ठसका. पट्टीला इतका घाम एकदम कधी मिळाला नव्हता. ती बंदच पडली.

"माणूस आहे का कढी?" आई म्हणाली. "सारखं काय फोडणी घालतीस त्याला?"

अशा वेळी आर्जवीला 'जुळवणी सेवा' सापडली. 'दारात'कडून सुट्या भागांची वस्तू घेतली, की कंपनीचा माणूस येऊन ती जुळवून द्यायचा. शिवाय नवीन वस्तू खिळखिळी झाली तर पुन्हा येऊन घट्ट करून द्यायचा, फुकट. आणि मगदूमांच्या दारात नुकताच घेतलेला चपलांचा रॅक उभा होता.

तुमच्या लक्षात आलं ना? तिच्याही आलं. तिने पान्याने रॅकचे स्क्रू ढिले केले आणि आईच्या फोनवरून तक्रार टाकली. वेळ निवडली, संध्याकाळची. मुकादम जवळचाच हिरवा माणूस पाठवणार. वखारभागात पप्पांइतकं जवळ कोण?

ठरल्या वेळी दाराची कडी वाजली. आर्जवीने धावत जाऊन दार उघडलं. दारात आवटी गुरुजी उभे होते.

आवटी गुरुजी मागच्या गल्लीत राहायचे. शाळेतून निवृत्त झालेले. घरी बसून कंटाळले म्हणून 'दारात'मध्ये लागले होते. रोज तासभरच, आणि तेवढंच त्यांना हवं होतं. मनगटावर हिरवागार दिवा.

"रॅक कुठाय?" गुरुजी म्हणाले. "आणि तू अशी सुतकी तोंड करून का उभी आहेस?"

त्यांनी रॅक घट्ट केला. करता करता स्क्रूचा शोध कसा लागला तेही सांगितलं. दोनदा. दुसऱ्या दिवशी आर्जवीने पुन्हा स्क्रू ढिले केले. पुन्हा गुरुजीच. या वेळी तरफ आणि पुली. तिसऱ्या खेपेला गुरुजी आत आले, रॅककडे न बघता खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हं. बोल आता. चपला काय आत मारामाऱ्या करतात का?"

आर्जवी रडकुंडीला आली. "मला पप्पा हवे होते. तुम्ही का येता सारखे?"

गुरुजींना वाईट वाटलं असेल, पण त्यांनी दाखवलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुकादम जवळच्यांपैकी सगळ्यात हिरवा माणूस पाठवतो. पूर्वी संध्याकाळी भरतेशच पहिला असायचा. हल्ली त्याचा हिरवा फिका पडत चाललाय, म्हणून लांबचं किरकोळ सामान त्याच्याकडं जातं. असंच चाललं तर मुकादम त्याला बोलवायचंच बंद करेल. मग काम गेलं म्हणायचं."

"पण का फिका पडला?"

"मी नाही सांगणार. तू सांग. पट्टी आल्यापासून त्याच्या दिवसात काय काय बदललं?"

आर्जवी विचार करू लागली. काम कमी झालं. झोप तर वाढली. मग दमतात कशाने? "संध्याकाळी जेवत नाहीत ते," ती हळूच म्हणाली. "उपाशीच झोपतात."

"शाबास. आता ऐक. मेंदूतलं घड्याळ उजेडावर चालतं. पण पोटाला, यकृताला त्यांची स्वतःची छोटी घड्याळं असतात, आणि ती जेवणाच्या वेळेवर लागतात. तुमच्या घरात लहानपणापासून ठरल्या वेळी जेवण. त्या सगळ्या घड्याळांची भरतेशच्या अंगात छान जुळणी झालेली होती. त्यातलं एक काढून घेतलं. आता मेंदू म्हणतो संध्याकाळ झाली, पोट म्हणतं कसली संध्याकाळ? अशानं झोप लागते, पण भरत नाही."

"म्हणजे कंपनीनंच..."

"कंपनीनं ताजा तास पाहिला आणि घेतला. तो ताजा कशामुळं होता, ते काही पाहिलं नाही." गुरुजी उठले. "आणि स्क्रू ढिले करणं बरं नाही हां. मला आवडतं यायला, ते वेगळं."

त्या दिवसापासून मगदूमांच्या घरी दुपार उतरतानाच चूल पेटू लागली.

"या वेळेला कोणी जेवतं का?" भरतेश डोळे चोळत म्हणाले.

"तुम्ही जेवता," आर्जवी म्हणाली. "उठा. आई, वाढ."

"गरम आहेत तोवर खा," त्रिशला म्हणाली. "हिच्यापुढं मुकादम बरा."

पहिल्या दिवशी भरतेश पेंगतच जेवले. वांग्याच्या भाजीत नाक बुडता बुडता वाचलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरी भाकरी मागितली. मग एक दिवस स्वतःच "आज काय केलंय?" म्हणून विचारलं. दिवा सावकाश, अगदी सावकाश बदलत गेला. शरीर हट्टी असतं, लगेच विश्वास ठेवत नाही. आठवडा उलटल्यावर मात्र संध्याकाळी भरतेशचं मनगट पोपटासारखं चमकू लागलं.

मग आर्जवीने पुन्हा पाना काढला. हो, गुरुजींनी बजावलं होतं. तरी काढला. मी तिची बाजू घेत नाही. फक्त घडलं ते सांगतो.

कडी वाजली. दार उघडलं.

"नमस्कार, 'दारात'कडून आलोय, तुमची जुळवणी सेवा..." भरतेश फोनकडे बघत पाठ केलेलं वाक्य म्हणत होते. मग त्यांनी मान वर केली. "आर्जू? हे तर आपलंच घर!"

"आत या," आर्जवी गंभीरपणे म्हणाली. "रॅक इकडं आहे."

"पण... पत्ता तरी मी वाचायला हवा होता." ते दारातच घुटमळले. "चपला काढू का? कामावर असताना काढायच्या नसतात."

"काढा," स्वयंपाकघरातून त्रिशला म्हणाली. "आणि ठेवायला रॅक नाही, तो आधी उभा करा."

जुळवणीला मुकादम भरपूर वेळ द्यायचा. एका बापाला चपलांचा रॅक उभा करायला लागतो त्याहून कितीतरी जास्त. भरतेश जमिनीवर मांडी घालून बसले, आर्जवी स्क्रू देऊ लागली, आणि पहिला स्क्रू बसायच्या आत ते म्हणाले, "तर म्हैस कुठं होती आपली?"

"लटकलीय. किती दिवस झाले."

"बिचारी. पाय भरून आले असतील." आणि म्हैस हलली. ती चंद्रावर उतरली तेव्हा तिथे खरोखरच माश्या नव्हत्या. पण मग शेपटी हलवायची कशाला, हे तिला कळेना. सवयीने हलवावी, तर तिथे वजन इतकं कमी की प्रत्येक फटक्यासरशी म्हैसच गरागरा फिरायची. आर्जवी जमिनीवर लोळत हसत होती. रॅक उलटा जुळला. तो पुन्हा काढून जुळवला.

असं आणखी दोन-तीनदा झालं, आणि मग तेच झालं जे होणार होतं. बेळंके मॅडम स्वतः आल्या. मागोमाग आवटी गुरुजीही आले, कारण गल्लीत काही घडत असलं आणि गुरुजी तिथे नाहीत असं होत नसे.

"हा रॅक आमच्या अख्ख्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त वेळा जुळवलेली वस्तू आहे," मॅडम म्हणाल्या. "भरतेश, शेवटच्या सगळ्या खेपा तुमच्या. स्वतःच्याच घरी. याला काय म्हणायचं? मुकादमानं तुमचं नाव काढून टाकायचं सुचवलंय."

भरतेशचा चेहरा उतरला. ते काही बोलायच्या आत आर्जवी पुढे झाली.  "पप्पांना माहीत नव्हतं. स्क्रू मी ढिले केले."

"तू? कशाला?"

"मला त्यांचा हिरवा तास पाहिजे होता. तुम्हीच सगळे नेता."

 मॅडम काही बोलणार, तोच त्यांना एक मोठी जांभई आली. ती दाबायचा त्यांनी फार प्रयत्न केला.

"जेवलात का तुम्ही?" त्रिशलाने विचारलं.

"सकाळी... काहीतरी खाल्लं बहुतेक."

"बसा आधी. भांडण नंतर करू."

अशा रीतीने बेळंके मॅडम पाटावर बसल्या, समोर गरम भाकरी, वांग्याची भाजी आणि दही. चार घास पोटात गेल्यावर त्यांनी डाव्या हाताने फोन उघडला आणि भरतेशचा आलेख बघितला. बघता बघता त्यांचा उजवा हात ताटात थांबला.

"महिनाभर हा खाली उतरलाय. आणि आता एकदम वर? काय केलंत तुम्ही?"

"जेवायला घातलं," आर्जवी म्हणाली.

"हिरवा तास आमच्या चुलीवर होतो, मॅडम," त्रिशला म्हणाली. "तुम्ही धार काढायला रोज येता, पण गाईच्या वैरणीची वेळ झाली की तिला फिरायला नेता. कसं व्हायचं? आणि शिळे तास तेवढे आम्हीच का घ्यायचे? माणूस पाहिजे तर अख्खा न्या. थोडं ताजं तुमच्याकडं, थोडं आमच्याकडं. थोडं शिळं तुम्हीपण खा."

"शिळ्या तासात मी काम काय देऊ?"

आता भरतेश बोलले. "पिवळा असलो म्हणून मी मेलेला नसतो, मॅडम. गोदामात पत्ते लावीन, पिशव्या भरीन. स्कूटर आणि जड सामान हिरव्या वेळात. आणि सकाळी गेलेलं टेबल दुपारी कोणत्या जिन्यात अडकलंय, ते निदान एका माणसाला माहीत राहील."

जिन्यातल्या टेबलाचा विषय निघताच मॅडमनी कपाळाला हात लावला. अर्ध्या वाटेत थांबलेल्या सामानाच्या तक्रारींनी त्यांचीच झोप उडाली होती.

"म्हणजे सगळ्यांना पुन्हा पूर्णवेळ करू?"

"मला नको!" गुरुजी घाईघाईने म्हणाले. "माझा एक तास बरा आहे. ज्याला अर्धं पाहिजे त्याला अर्धं द्या, ज्याला अख्खं पाहिजे त्याला अख्खं. मुकादमाला विचारण्याआधी माणसाला विचारा, एवढंच."

मॅडमनी लगेच कबूल केलं नाही. वरच्या लोकांना पटवायला त्यांना बरेच दिवस लागले, आणि सगळं काही पटलंही नाही. पण सांगली शाखेपुरती परवानगी मिळाली. पूर्णवेळ होऊ इच्छिणाऱ्यांच्या मनगटावरची पट्टी निघाली; जड सामान कधी उचलायचं ते आता माणूस स्वतःच सांगायचा. आर्जवीला मात्र मॅडमकडून शिक्षा झाली. शनिवारी गोदामात येऊन मोडक्या रॅकचे स्क्रू आवळायचे. गुरुजी शेजारी बसून तरफ आणि पुली समजावणार. शिक्षा कडकच म्हणायची.

आणि मग तो पहिला दिवस आला. भरतेश सकाळी डबा घेऊन गेले आणि ऊन कलताना परत आले. हातपाय धुतले, सगळे मिळून जेवले. बाहेर अजून उजेड होता. भरतेश ओट्यावर येऊन बसले. मनगट मोकळं होतं, त्यामुळे आर्जवीने त्यांच्या तोंडाकडे निरखून बघितलं. डोळे टक्क उघडे. गालावर हसू. शंभर टक्के हिरवे.

"ये," ते म्हणाले आणि शेजारची जागा हाताने झाडली. "आता हा सगळा वेळ तुझा. म्हैस परत यायची म्हणते. चंद्रावर तिला करमेना. बोल, कुठून सुरू करू?"

आर्जवी त्यांच्याजवळ बसली. पाय हलवत, खुशीत. तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून आरडाओरडा ऐकू आला. पोरं जमली होती. लंगडीचा डाव मांडला होता आणि एक भिडू कमी पडत होता.

तिने पप्पांकडे बघितलं. पोरांकडे बघितलं. पुन्हा पप्पांकडे.

मग तिने टुणकन खाली उडी मारली आणि पळत सुटली. कोपऱ्यावर पोचल्यावर काहीतरी आठवून थांबली, मागे वळली आणि दोन्ही हात तोंडाभोवती धरून ओरडली,

"पप्पा, तिथंच बसा! ताजेच राहा हां, मी आलेच!"